चिखल दिसला की सरळ चिखलात पाय घाला

आज डोकं फिरलंय. स्पष्टच लिहिते, कोणाला लागलं तर लागू दे.

सकाळी नदीकाठच्या पार्कातल्या त्या सोप्या वाटेवर गेले होते. चढ नाही, उतार नाही, गोल फिरून जिथून निघालो तिथेच परत. रात्री पाऊस पडून गेलेला. नदी वळते तिथे नेहमीप्रमाणे चिखल साचला होता आणि माझ्यापुढे चाललेला सात-आठ जणांचा ग्रुप त्या चिखलाला बगल देऊन गवतातून गेला. एकामागोमाग एक, मेंढरांसारखे. पायात काय, तर घोट्यापर्यंतचे वॉटरप्रूफ ट्रेकिंग शूज! मग ते घेतले कशाला? फोटोसाठी?

पूर्वी त्या वळणावर एक वाट होती. आता तीन आहेत. मधली मूळची, तिचं डबकं झालंय. एक झाडांच्या बाजूने आणि एक थेट पाण्याच्या कडेने. दोन माणसं जेमतेम शेजारून चालतील अशी ती वाट होती, आता तिथून जीप जाईल. वाटेची अक्षरशः वाट लावली आहे.

माझी आत्या सत्तरीला टेकली आहे. मागच्या पावसाळ्यात ती माझ्याबरोबर याच वाटेवर आली होती. त्याच वळणावर एका गृहस्थांनी अगदी प्रेमाने सांगितलं, "आजी, इकडून या, गवतावरून. तिकडे राड आहे." आत्याने काठी पुढे टेकवून खोली बघितली आणि पचक पचक करत मधोमध निघून गेली. पलीकडे पोचल्यावर मागे वळून म्हणाली, "बूट धुता येतात हो!" ते गृहस्थ अजून गवतातच उभे.

यात विज्ञान काही फार अवघड नाही. नदीकाठची माती म्हणजे पुराने आणून टाकलेला बारीक गाळ. ती पायाखाली दबली की तिच्यातली पोकळी जाते, पाणी मुरत नाही, वरच साचतं. आपण बाजूने गेलो की बाजूची माती दबते, गवत मरतं, मग तिथेही चिखल. पुढचा माणूस आणखी बाजूने जातो. असं करत करत शेवटी नदीच्या कडेला पोचतो. आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाण्याचा जोर सगळ्यात जास्त असतो, तिथे काठ आधीच कापला जात असतो. तिथली माती धरून कोण ठेवतं? तेच गवत, तीच झुडपं, ज्यांच्यावरून आपण बूट वाचवत चाललोय. त्याच उभ्या काठात खंड्या बीळ खोदून घरटं करतो. आपल्याला मात्र फोटो हवा असतो तो त्या खंड्याचाच.

मी त्या ग्रुपमधल्या एकाला सांगितलं. नीट सांगितलं, ओरडले नाही. तर म्हणतो, "मॅडम, सोपा ट्रेल आहे म्हणून आलोय, एवढं काय सीरियस घ्यायचं?"

हे ऐकलं आणि माझं डोकं सटकलं. वाट सोपी असते ती आपल्या पायांना. नदीला त्याचं काय? उलट सोप्या वाटेवरच जास्त पाय पडतात. अवघड कड्यावर दहा जण जातात, इथे लहान मुलं, आजी-आजोबा, ऑपरेशननंतर पहिल्यांदा चालायला निघालेली माणसं, सगळे येतात. त्यांच्यासाठीच आहे ती वाट. आणि डोंगरदऱ्या पालथ्या घालणारे हे वीर तिथे येऊन बूट जपतात!

असो. थोडं शांत होऊन लिहिते. ती पोरं वाईट नव्हती. कचरा केला नाही, स्पीकरही नव्हता (हल्ली हेसुद्धा कौतुकाने सांगावं लागतं). लहानपणापासून आपल्याला "चिखलात जाऊ नको" एवढंच शिकवलेलं. त्यातली एक मुलगी तर बिचारी थांबून ऐकत होती, पण ग्रुप पुढे गेला म्हणून तीही गेली.

आणि हो, ज्यांचा तोल जातो, गुडघा दुखतो, त्यांना मी काही म्हणत नाहीये. वाटेची निगा राखणाऱ्यांनीही तिला पाणी वाहून जाण्यापुरता उतार द्यायला हवा, चार फळ्या टाकायला हव्यात, मान्य. पण फळ्या येईपर्यंत काठ राहिला पाहिजे ना?

एक मात्र नीट वाचा, नाहीतर कोणी माझ्या नावाने भलतंच करायचं. साचलेला चिखल वेगळा आणि वाटेवरून वाहणारं पाणी वेगळं. नदी वाटेवर आली असेल तर मागे फिरा. जोराच्या प्रवाहात १५ सेंटिमीटर पाणीसुद्धा धडधाकट माणसाला पाडू शकतं. आणि आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी वर कुठे पाऊस झाला तर इथे पाणी चढतं. आत्याची काठी साचलेल्या चिखलाची खोली बघायलाच होती. पाऊल टाकायच्या आधी ती टेकवते. आणि सगळी वाटच लदलदली असेल तर एक-दोन दिवस जाऊच नका, सुकू दे तिला. नदी कुठे पळून जात नाही.

खाली कमेंटमध्ये "पण नवीन बूट खराब होतात ताई" असं लिहिणार असाल तर तसदी घेऊ नका. चिखल वाळला की ब्रशने झाडायचा, उरलेला पाण्याने धुवायचा, सावलीत सुकवायचे. संपलं.

रविवारी परत जाणार आहे. यायचं असेल त्यांनी जुने बूट घाला, मोज्यांचा एक जोड जास्तीचा ठेवा. आत्याही येतेय. तिच्यादेखत गवतातून जायची हिंमत असेल तर जाऊन दाखवा.