ॲलिसची अर्धी गोष्ट चित्रांत आहे

कादंबरीतली चित्रे म्हणजे निव्वळ सजावट, ती गाळली तरी कथेचे काही बिघडत नाही, हा समज आपल्याकडे चांगलाच रुजला आहे आणि तो मला मुळीच मान्य नाही. लुईस कॅरोलची 'ॲलिसेस ॲडव्हेंचर्स इन वंडरलँड' (१८६५) जॉन टेनिएलच्या ४२ चित्रांसह वाचली तर एक पुस्तक हाती लागते, चित्रांविना वाचली तर दुसरेच.

खुद्द लेखकाने चित्रांवर भिस्त ठेवली आहे. ग्रिफन म्हणजे काय हे ठाऊक नसेल तर चित्र पाहा, असे कंसात सांगून तो वर्णनाला फाटा देतो. टोप्या विकणाऱ्या हॅटर या पात्राच्या टोपीवरची १० शिलिंग ६ पेन्स किमतीची चिठ्ठी तर मजकुरात कुठेच नाही; ती टेनिएलची भर. टोपी आपली नाही, विक्रीची आहे, हे हॅटर पुढे खटल्यात राजाला सांगतो, पण चहापानाच्या चित्रात आपण ते आधीच पाहिलेले असते.

जिच्यासाठी ही गोष्ट रचली त्या ॲलिस लिडेल या मुलीला कॅरोलने १८६४ साली भेट दिलेल्या तिच्या हस्तलिखितात स्वतःची ३७ चित्रे काढली होती. सशाच्या घरात आकाराने वाढत गेलेली ॲलिस त्याने नुसत्या चौकटीत कोंबली आहे. खोली नाही, खिडकी नाही, फक्त दुमडलेले शरीर. टेनिएलने तिथे खिडकी दाखवली, तिच्यातून हात बाहेर काढला, आणि कोंडमाऱ्याची भीती ओसरून प्रसंग गमतीचा झाला. त्या प्रसंगापुरते मला कॅरोलचे कच्चे चित्रच अधिक खरे वाटते. मात्र सगळ्यांशी हुज्जत घालणारी, कपाळाला आठ्या घातलेली ॲलिस आपल्या मनात ठसली, ती टेनिएलमुळेच.

चित्रकाराचा अधिकार इथेच संपत नाही. 'थ्रू द लुकिंग-ग्लास' या ॲलिसच्या दुसऱ्या पुस्तकातला केसांचा टोप घातलेल्या गांधीलमाशीचा प्रसंग चित्रात उतरणे अशक्य असल्याचे टेनिएलने १८७० मध्ये कळवले आणि कॅरोलने तो काढून टाकला. त्या प्रसंगाची मुद्रिते, म्हणजे छपाईआधी तपासायच्या प्रती, थेट १९७४ साली एका लिलावात उजेडात आली.

त्याच पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत (१८७१) आरशात शिरणारी ॲलिस पानाच्या एका बाजूला आणि पलीकडे निघणारी ॲलिस त्याच पानाच्या मागच्या बाजूला छापलेली आहे, त्यामुळे पान उलटणारा वाचकही तिच्याबरोबर आरसा ओलांडतो. ही दोन्ही चित्रे शेजारी शेजारी छापून टाकणाऱ्या आवृत्त्या पाहिल्या की मला मनापासून वाईट वाटते. प्रकाशकांनी पाने वाचवायची असतील तर प्रस्तावनेची वाचवावीत, ही जोडी मात्र पाठपोटच छापावी.