‘रोजंदारीचा गडी’ : एका प्रतिसादाला उत्तर

‘मैदानावरचा माणूस’ यांस,

आपला प्रतिसाद वाचला. आधी लोकलमध्ये उभ्याउभ्या मोबाइलवर वाचला आणि वाटलं की गर्दीत मीच काहीतरी भलतं वाचतोय. म्हणून रात्री जेवण झाल्यावर पुन्हा वाचला. भलतं नव्हतं.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या आठवड्यातल्या लेखात मी म्हटलं होतं की लीग की देश हा पेच खेळाडूंनी तयार केलेला नाही, क्रिकेट बोर्डांनी केलाय. तेव्हा देशाऐवजी लीग निवडणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या क्लासेन, वेस्ट इंडिजच्या पूरन आणि न्यूझीलंडच्या बोल्ट यांना गद्दार ठरवू नये. त्यावर आपण लिहिलंत : ‘बोल्टचं साल धड माहीत नाही आणि निघाले लिहायला. ज्याला देशाची टोपी मिळूनही लीगची जर्सी प्यारी वाटते तो खेळाडू नव्हे, रोजंदारीचा गडी. १९८३च्या संघाला काय मिळत होतं? न्यूझीलंडमध्ये तिकीट काढून बसलेल्या माणसाचा तुमच्या लेखात पत्ता नाही. खुर्चीत बसून क्रिकेट कळत नाही, आधी मैदानावर या.’

पहिलं मान्य. ट्रेंट बोल्टला न्यूझीलंड बोर्डाने मध्यवर्ती करारातून (म्हणजे बोर्डाच्या पगारी करारातून) त्याच्याच विनंतीवरून मोकळं केलं ते ऑगस्ट २०२२मध्ये. मी २०२३ लिहिलं. चूक माझी. करार सोडल्यावरही तो २०२३चा विश्वचषक आणि २०२४चा टी-ट्वेंटी विश्वचषक न्यूझीलंडकडूनच खेळला, हे मात्र आपण लिहायचं विसरलात. आणि आपणही निकोलस पूरनचं नाव दोनदा ‘पुराण’ असं लिहिलंय. मी त्यावर काही बोलत नाही.

मुद्द्यावर वाद घालायला माझी ना नाही. पण ‘रोजंदारीचा गडी’ हा मुद्दा नव्हे, ही शिवी आहे. आणि ही शिवी आपण क्लासेनला घातलीत असं आपल्याला वाटत असेल, तर ती कुठे जाऊन लागली ते सांगतो.

माझे वडील लोअर परळच्या एका गिरणीत बदली कामगार होते. कायम कामगाराने खाडा केला की त्याच्या जागी ज्याला घेतात तो बदली. पाळी सुरू व्हायच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं. नाव पुकारलं तर आत, नाहीतर डबा तसाच घेऊन परत. जिन्यातली पावलं ऐकूनच आईला कळायचं की आज काम मिळालेलं नाही. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर वडिलांना गेटवर जाऊन उभं राहण्याचीही सोय उरली नाही. तेव्हा ‘रोजंदारी’ हा शब्द कुणी तुच्छतेने वापरला की मला शांत बसता येत नाही. आमच्या घरात रोजंदारी मिळाली तो दिवस चांगला मानत असत.

आता क्लासेनकडे बघा. २०१९ साली रांचीत कसोटी पदार्पण. जानेवारी २०२४मध्ये कसोटीतून निवृत्ती. या काळात एकूण कसोटी सामने चार. मधली सगळी वर्षं हा माणूस डबा घेऊन गेटवर उभा होता, दुसरं काय? मग आयपीएलमधल्या हैदराबादने त्याला २०२५च्या हंगामासाठी २३ कोटींना राखलं आणि त्याच वर्षी जूनमध्ये, तेहतिसाव्या वर्षी, त्याने आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडलं. पूरनने तर एकोणतिसाव्या वर्षी. वेस्ट इंडिजकडून १०६ टी-ट्वेंटी आणि ६१ एकदिवसीय खेळला, कसोटी एकही नाही. ज्या बोर्डाचा संघ ऑक्टोबर २०१४मध्ये मानधनाच्या भांडणावरून धर्मशालेहून भारताचा दौरा अर्धवट टाकून निघून गेला, त्या बोर्डाच्या भरवशावर त्याने म्हातारपण काढायचं होतं का?

मिचेल स्टार्कचं उदाहरण आपण दिलं नाहीत, मीच देतो, कारण ते आपल्या बाजूचं वाटतं. २०१५नंतर स्टार्क आयपीएल खेळायला आला तो थेट २०२४ला. ऑस्ट्रेलियासाठी शरीर जपलं, कौतुक आहेच. पण ऑस्ट्रेलियाचं बोर्ड त्याला वर्षाकाठी जे देतं ते बघा, मग त्याच्या त्यागाची किंमत करा. आला तेव्हाही कोलकात्याने २४ कोटी ७५ लाख मोजले आणि अंतिम सामन्याचा सामनावीर तोच ठरला. पोट भरलेल्या माणसाने एकादशी करणं वेगळं. आपल्याकडचे खेळाडू तर या पेचात सापडतच नाहीत. निवृत्त झाल्याशिवाय बीसीसीआय त्यांना परदेशी लीग खेळू देत नाही. दिनेश कार्तिक दक्षिण आफ्रिकेत जाऊन खेळला तोही निवृत्तीनंतरच. पण २०२४-२५मध्ये वरच्या श्रेणीचा करार सात कोटींचा होता, कसोटीचं मानधन पंधरा लाख, आणि मार्च २०२४पासून हंगामातल्या पाऊणपेक्षा जास्त कसोट्या खेळणाऱ्याला सामन्यामागे आणखी पंचेचाळीस लाख. एवढं पदरात पडत असताना निष्ठेबद्दल बोलायला कुणाचं काय जातं?

आता १९८३. अहो, आपण नेमका तोच दाखला द्यावा? विश्वचषक जिंकून आलेल्या संघाला बक्षीस द्यायला बोर्डाच्या तिजोरीत पैसे नव्हते, म्हणून लताबाईंनी दिल्लीत कार्यक्रम केला आणि त्यातून प्रत्येकाला एक लाख मिळाले. ही अभिमानाची गोष्ट आहे की लाजेची, ते आपणच ठरवा. आणि ‘पैशाविना खेळले’ म्हणताना एवढं लक्षात ठेवा की मुंबईच्या त्या पिढ्या नोकऱ्यांवर जगल्या. वाडेकर स्टेट बँकेत, गावसकर निर्लॉनमध्ये, वेंगसरकर टाटांकडे. क्रिकेटसाठी पगार देणारा धनी त्यांनाही होता. फक्त त्याची जर्सी टीव्हीवर दिसत नव्हती.

आणखी मागे जाऊ. वानखेडेजवळ विनू मांकडांच्या नावाचा रस्ता आहे. आपण ‘मैदानावरचे’, तेव्हा त्यावरून गेला असालच. फेब्रुवारी १९५२मध्ये मद्रासला भारताने पहिली कसोटी जिंकली, इंग्लंडविरुद्ध. मांकडांचे बळी पहिल्या डावात ५५ धावांत आठ, दुसऱ्यात ५३ धावांत चार. त्याच उन्हाळ्यात संघ इंग्लंडला जाणार होता. इकडे लँकेशायर लीगमधल्या हॅस्लिंग्डन क्लबचा करार समोर होता. मांकडांनी निवड समितीला विचारलं, दौऱ्यात मला नक्की घेणार का? तसं असेल तर करार सोडतो. हमी मिळाली नाही. बारा बळी घेऊन पहिला विजय मिळवून देणाऱ्याला! मांकडांनी करार केला. मग लीड्सला पहिल्या कसोटीच्या दुसऱ्या डावात आपली अवस्था शून्यावर चार बाद झाली आणि धावाधाव करून मांकडांना क्लबकडून सोडवून आणलं. लॉर्ड्सला त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या, आणि पहिल्या डावात ७३ षटकं टाकून पाच बळी घेतले. आपण हरलो, पण ती कसोटी आजही मांकडांची म्हणूनच ओळखतात.

तर सांगा, विनू मांकड रोजंदारीचा गडी होता का? हो की नाही, एवढंच लिहा. मोठा प्रतिसाद नको.

खुर्चीबद्दल. हे लिहायची इच्छा नव्हती, पण आपण ‘मैदानावर या’ म्हणालात. कांगा लीग मी सात हंगाम खेळलोय, भर पावसात, गुडघाभर गवतात, जिथे चेंडू सीमेपर्यंत पोचवायला पैलवान लागतो. पुढे ऑफिसच्या संघातून टाइम्स शील्डच्या एका खालच्या डिव्हिजनमध्येही खेळलो. पण हे काही सांगायला नको होतं. सांगायचंय ते टेनिस बॉलचं.

१९८९. संप कधीच विरला होता, वडील एका गोदामावर रात्रपाळीला वॉचमन होते. आमच्या कोकणातल्या गावाचं मुंबईत मंडळ होतं. दरवर्षी मे महिन्यात गाववाल्यांची टूर्नामेंट व्हायची, आणि मी मंडळाच्या संघात पहिली ओव्हर टाकायचो. त्या वर्षी आमची सेमीफायनल रविवारी. त्याच रविवारी कल्याणच्या एका संघाने मला बोलावलं. दीडशे रुपये, जाण्यायेण्याचं भाडं आणि जेवण. बहिणीची दहावी झाली होती, कॉलेजची फी भरायची होती. मी कल्याणला गेलो. तीन विकेट काढल्या, दीडशे घेतले, वर मॅन ऑफ द मॅचचं भिंतीवरचं घड्याळ.

मंडळ हरलं. माझ्या जागी मंडळातल्या आप्पांच्या पुतण्याला उभं केलं होतं. चौदा वर्षांचा पोर, त्याच्या एका ओव्हरमध्ये बावीस धावा गेल्या. संध्याकाळी आप्पा आणि चारपाच जण आमच्या चाळीत आले. वडिलांनी मला आत पिटाळलं आणि स्वतः गॅलरीत जाऊन त्यांच्याशी बोलले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. एवढंच दिसलं की आप्पा बोट नाचवतायत आणि वडील हात बांधून उभे आहेत. पुढची दोन वर्षं मला गावच्या संघात घेतलं नाही. आपण आज जे लिहिलंत तेच आप्पा तेव्हा चाळीत ओरडून सांगत होते, फक्त त्यांनी स्वतःचं नाव लपवलं नव्हतं.

माझी तुलना क्लासेनशी करतोय असं समजू नका. (समजणारच आहात.) पण दोन जागी एकाच दिवशी बोलावणं आलेला माणूस कसा असतो ते मला आतून माहीत आहे. आपल्याला असेल तर तसं लिहा.

राहिला न्यूझीलंडचा दौरा. फेब्रुवारी २०२४मध्ये दक्षिण आफ्रिकेने तिथे जो कसोटी संघ पाठवला त्याचा कर्णधार नील ब्रँड स्वतःच पहिली कसोटी खेळत होता, त्याच्याबरोबर आणखी पाच जणांचं पदार्पण. माउंट माँगानुईला २८१ धावांनी हरले, पुढे हॅमिल्टनलाही हरले, आणि न्यूझीलंडने त्यांच्याविरुद्ध इतिहासात पहिल्यांदा कसोटी मालिका जिंकली. ब्रँडने पहिल्याच डावात सहा बळी घेतले हे कुणाच्या लक्षातही नाही. मुख्य खेळाडू होते एसए-ट्वेंटीत, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्याच टी-ट्वेंटी लीगमध्ये. पण त्यांना तिथे ठेवलं कुणी? त्यांच्याच बोर्डाने. याच बोर्डाने जानेवारी २०२३मधली ऑस्ट्रेलियातली एकदिवसीय मालिका विश्वचषक पात्रतेचे गुण बुडवून सोडून दिली होती, तीही याच लीगसाठी. लीगचे सहाच्या सहा संघ आयपीएलवाल्या मालकांचे. बोर्डाला त्या पैशावर घर चालवायचंय. त्यांच्या रबाडासारख्या गोलंदाजाने काय करायला हवं होतं, संप?

‘एकाने तरी नकार द्यायचा होता’ असं आपण म्हणाल. एका संपाचं काय झालं ते मी घरात बघितलंय, एवढंच बोलतो.

आणि हेच खेळाडू २०२५मध्ये बघा. आयपीएल मध्येच थांबली, पुढे ढकलली गेली, आणि प्लेऑफ कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्याच्या अंगावर आले. आपल्या मुंबई इंडियन्सचा सलामीवीर रिकल्टन ऐन प्लेऑफच्या तोंडावर देशाच्या संघासाठी परत गेला, सलामीला बेअरस्टोला आणावं लागलं. त्या दिवशी दादर ते डोंबिवली सगळे त्याच्या नावाने खडे फोडत होते, ‘आत्ताच जायचं होतं का’ म्हणून. तेव्हा देशभक्ती कुठे गेली होती आपली सगळ्यांची? दक्षिण आफ्रिकेने त्या अंतिम सामन्यात लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाला हरवलं, मार्करमने दुसऱ्या डावात १३६ केल्या, रबाडाने सामन्यात नऊ बळी घेतले. एक वर्षापूर्वी ज्यांना पैशाचे गुलाम म्हटलं ती हीच मंडळी. मीही तेव्हा रिकल्टनवर चिडलो होतो, खोटं कशाला बोलू.

तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकाचं म्हणाल, तर तो वेगळा विषय आहे. त्यावर सवडीने लिहीन.

काही वाचकांनी मला निरोप पाठवले की असल्या प्रतिसादाला उत्तर देऊ नका, उडवून टाका. उडवलेला नाही. बोल्टचं साल लेखात दुरुस्त केलं आहे. आपल्या प्रतिसादातला ‘पुराण’ मात्र आहे तसाच ठेवलाय. इतरांचं लिहिलेलं दुरुस्त करायची सोय मला इथे आहे, पण मी ती वापरत नाही.