‘भाषांतर झाले, बाकी स्क्रीन रीडर पाहून घेईल’ या समजुतीचा प्रतिवाद

संकेतस्थळे बनवणाऱ्या मंडळींमध्ये एक संदेश बराच फिरतो आहे. त्याचा आशय असा: मजकूर युनिकोडमध्ये असला की स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) भाषा आपोआप ओळखतो, त्यामुळे शोधाच्या फिल्टरांची नावे भाषांतरित केली की बहुभाषिक संकेतस्थळ अंध वाचकांसाठी तयार झाले, कुठे कमी वाटलेच तर आरिया-लेबल (पडद्यावर न दिसणारे, पण स्क्रीन रीडर वाचतो असे नाव) लावावे, आणि तेही जमले नाही तरी फारसे बिघडत नाही, कारण अंध वापरकर्ते संगणक इंग्रजीतूनच वापरतात. चारही विधानांत थोडे थोडे तथ्य आहे आणि म्हणूनच ती पटकन पटतात. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर लावून ग्रंथालयांच्या ऑनलाइन सूची तपासणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे उदाहरणे तिथलीच देतो.

पहिले विधान सर्वांत जास्त नुकसान करणारे आहे. युनिकोड अक्षराला क्रमांक देते, भाषा सांगत नाही. ‘क’ हे अक्षर मराठीत, हिंदीत, नेपाळीत, कोंकणीत आणि संस्कृतात 0915 या एकाच क्रमांकाने साठवले जाते. गुजराती किंवा तमिळ लिपी दिसली तर यंत्राला निदान अंदाज बांधता येतो. देवनागरीत तेवढाही आधार नाही. भाषा सांगण्याचे काम एचटीएमएलमधल्या, म्हणजे वेबपाने ज्या सांकेतिक भाषेत लिहितात तिच्यातल्या, ‘लँग’ या ॲट्रिब्युटचे, म्हणजे खुणेचे, आहे. मराठीसाठी त्यात ‘एमआर’ लिहायचे, हिंदीसाठी ‘एचआय’, कोंकणीसाठी ‘केओके’. प्रत्यक्षात घडते असे की पानावरचा शब्दन् शब्द मराठी होतो, पण साच्याच्या पहिल्या ओळीत भाषा इंग्रजीच राहते, कारण ती ओळ डोळ्यांना दिसत नाही आणि भाषांतरकाराच्या हाती कधी येतच नाही. मग देवनागरी दिसली की हिंदीकडे वळणारे उच्चारयंत्र ‘ज्ञानेश्वरी’ची ‘ग्यानेश्वरी’ करते आणि ‘जुनी पुस्तके’ची ‘ज्युनी पुस्तके’.

यावर ‘समजते की तेवढे’ असे उत्तर येते. परिच्छेदात समजते, हे मान्य. पण फिल्टरचे नाव म्हणजे एक-दोन शब्द. आगेमागे वाक्य नसते आणि सरावलेला श्रोता ते दुप्पट-तिप्पट वेगाने ऐकत असतो. त्यातून हिंदी आणि मराठी पुस्तकांची एकत्र सूची असली की विषयांच्या यादीत ‘शिक्षा’ हा शब्द भेटतो. हिंदीत ते शिक्षण, मराठीत तो दंड. डोळस वाचकाला शेजारचा ‘साहित्य’ आणि ‘इतिहास’ एका नजरेत दिसतो, म्हणून तो चुकत नाही. ऐकणाऱ्याच्या वाट्याला एका वेळी एकच नाव येते. त्या शब्दाला हिंदीची खूण असेल आणि तो हिंदी आवाजात आला, तर आवाज बदलला यावरूनच उलगडा होतो. म्हणूनच वेब सुलभतेच्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांनी 2008 सालीच पानाची भाषा सांगणे ही पहिल्या पातळीची अट ठेवली आणि पानाच्या आतल्या परभाषी भागांची भाषा सांगणे ही दुसऱ्या पातळीची. विशेषनामांना आणि मराठीत रुळलेल्या शब्दांना यातून सूट आहे; ‘मोबाइल’ला कोणी इंग्रजीची खूण लावत बसू नये.

आता भाषांतराकडे येऊ. चांगले भाषांतर हवेच, पण फिल्टरांचे भाषांतर बहुधा शब्दांच्या यादीवरून होते आणि यादीत शब्द पडद्यावर कुठे बसणार हे लिहिलेले नसते. निवड लागू करण्याच्या बटनावर मी ‘अर्ज करा’ हे शब्द (इंग्रजी ‘अप्लाय’चा दुसरा अर्थ) एकाहून अधिक ठिकाणी ऐकले आहेत; पुस्तक शोधायला आलेल्या माणसाने अर्ज कशासाठी करायचा? वर्षांच्या दोन चौकटींचे उदाहरण याहून बोलके आहे. इंग्रजीत शब्दयोगी भाग नामाच्या आधी येतो, म्हणून चौकटीआधीचे लेबल तिथे सहज खपते. मराठीत ‘1960 पासून 1980 पर्यंत’ असा क्रम असतो. तरीही तोच साचा उचलला की ऐकू येते: ‘पासून, एडिट, रिकामे’, ‘पर्यंत, एडिट, रिकामे’ (‘एडिट’ म्हणजे लिहिण्याची चौकट). कशापासून आणि कशापर्यंत, हे कळायला मार्ग नाही. ‘प्रकाशनाचे सुरुवातीचे वर्ष’ आणि ‘प्रकाशनाचे शेवटचे वर्ष’ अशी पूर्ण नावे दिली की प्रश्न मिटतो आणि डोळस वाचकाचेही काही बिघडत नाही. ‘सॉर्ट बाय’चे ‘द्वारे क्रमवारी लावा’ करण्याच्या प्रकाराबद्दल न बोललेलेच बरे. जाता जाता एवढेच की फिल्टरला ‘गाळणी’ म्हणण्याचा हट्ट मला पटत नाही. वाचक ‘फिल्टर’च म्हणतात आणि लेबल हे भाषाशुद्धीचे ठिकाण नव्हे.

बहुभाषिक सूचीत खरा घोळ ‘भाषा’ या शब्दाचाच असतो. वर कोपऱ्यात संकेतस्थळाची भाषा बदलण्याचा पर्याय, डावीकडे पुस्तकाची भाषा निवडण्याचा फिल्टर, आणि दोन्हींचे नाव ‘भाषा’. जागेवरून आणि पृथ्वीगोलाच्या चित्रावरून डोळ्यांना फरक कळतो. कानांना दोनदा ‘भाषा, कॉम्बो बॉक्स’ (म्हणजे पर्यायांची यादी) ऐकू येते. गुजराती पुस्तके शोधायला गेलेला वाचक अख्खे संकेतस्थळ गुजराती करून बसतो आणि परतीचा रस्ता त्याला गुजरातीतच शोधावा लागतो. एकाला ‘संकेतस्थळाची भाषा’ आणि दुसऱ्याला ‘पुस्तकाची भाषा’ म्हणावे, इतके ते सोपे आहे. पर्यायांचा नियमही दोन्हीकडे वेगळा असावा, असे माझे मत आहे. संकेतस्थळाची भाषा निवडताना प्रत्येक भाषेचे नाव तिच्याच लिपीत आणि तिच्याच लँग खुणेसह हवे, कारण ज्याला मराठी येत नाही त्यालाही आपली भाषा सापडली पाहिजे. फिल्टरमध्ये मात्र वाचक आधीच मराठी पानावर आलेला असतो, तेव्हा तिथे ‘गुजराती, तमिळ, उर्दू’ ही नावे मराठीतच द्यावीत. दर ओळीला आवाज बदलत नाही, आणि ज्याच्या यंत्रात उर्दूचा आवाजच नाही त्याच्यासाठी ती ओळ मुकी राहत नाही.

आरिया-लेबल हे औषध आहे खरे, पण ते दिसणाऱ्या मजकुरात भर घालत नाही, त्याची जागा घेते. ‘मराठी (340)’ असे दिसत असताना त्यावर इंग्रजी आरिया-लेबल राहिले, तर ऐकणाऱ्यापर्यंत फक्त इंग्रजी पोचते. असे राहून जाते याचे कारण वरचेच: न दिसणारा मजकूर भाषांतराच्या यादीतून सुटतो. बोलून संगणक चालवणारा माणूस दिसणारा शब्द उच्चारतो आणि त्या नावाचे बटन यंत्राला सापडत नाही. दिसणारे लेबल नावात असलेच पाहिजे ही अट 2018 पासून मार्गदर्शक तत्त्वांत आहे ती याचसाठी. शिवाय आरिया-लेबलला वेगळी भाषा देता येत नाही, ते ज्या घटकावर असते त्याचीच भाषा त्याला लागू होते. साधा चेकबॉक्स, त्याला जोडलेले लेबल आणि गटाला फील्डसेट व लिजेंड (एचटीएमएलमधली गटाची चौकट व तिचे शीर्षक) वापरले, तर बहुतेक फिल्टरांना आरियाची गरज पडत नाही. निवडलेल्या फिल्टरांशेजारची फुलीची बटने हा अपवाद: पाच वेळा नुसते ‘बटन’ ऐकण्यापेक्षा ‘मराठी हा फिल्टर काढा’ असे नाव तिथे हवेच. फिल्टर बदलल्यावर किती पुस्तके उरली, हेही फोकस (वाचक पानावर जिथे आहे ती जागा) न हलवता ऐकू आले पाहिजे.

शेवटचे विधान. एनव्हीडीएचे स्वतःचे मेनू अनेक जण इंग्रजीत ठेवतात, हे खरे आहे. पण मेनू इंग्रजीत ठेवणारा माणूस मराठी कादंबरी इंग्रजीतून शोधत नाही. 2011 च्या जनगणनेनुसार देशात मराठी मातृभाषा असलेले सुमारे 8.3 कोटी लोक होते आणि दृष्टीसंबंधी अपंगत्व असलेले सुमारे 50 लाख. या दोन संख्या जिथे एकमेकींवर येतात तिथला प्रत्येक जण इंग्रजी शिकलेला आहे, असे मानायला काही आधार नाही. कायद्याची बाजूही आता मोघम नाही: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये माहिती-तंत्रज्ञानाच्या सुलभतेचे कलम आहेच आणि एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. मराठी पाने उघडून परत इंग्रजीकडे वळणारे वाचक मलाही भेटतात. का वळलात असे विचारले की ते बहुधा ‘अर्ज करा’ आणि ‘पासून, एडिट’ यांच्याबद्दलच तक्रार करतात.