सातारकर, तुमचं निम्मं बरोबर आहे

नमस्कार. ‘एक सातारकर’ या नावाने आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की एका ठिकाणी तुम्ही मला नेमकं पकडलंय.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. घरी डीजे बूथ कसा लावावा या माझ्या लेखावर तुमचे तीन आक्षेप आहेत. डॉल्बीने गावोगावचे कान आधीच गेलेत आणि मी ते लोण घरात आणतोय. ‘बेल्टवाला टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र) घेऊच नका’ असं मी ठोकून दिलं, पण तुमच्या वडिलांचा बेल्टवाला प्लेअर तीस वर्षं गात होता. आणि दोन-दोन टर्नटेबल म्हणजे निव्वळ पैशाचा माज. जाता जाता, सुई उडत असेल तर सुई धरणाऱ्या मुंडीवर रुपयाचं नाणं ठेवा, असंही सुचवलंत.

आपल्याकडे डीजे म्हटलं की ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंतच डोळ्यापुढे येते, त्यात तुमची चूक नाही. विसर्जनाच्या रात्री आमच्याही खिडक्या थरथरतात. पण मी लिहिलं ते काम बरंचसं हेडफोनमध्ये चालतं. एका कानात पुढची रेकॉर्ड, दुसऱ्या कानाने खोलीत वाजणारी. दोन्हींची लय जुळेपर्यंत बाहेर कुणाला पत्ता लागत नाही. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. शिकायला तेवढा आवाज पुरतो. मोठा केला तर हेडफोनमधलंच ऐकू येत नाही. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये ११ ऑगस्ट १९७३ला हिप-हॉपचा आद्य डीजे मानल्या जाणाऱ्या कूल हर्कने बहिणीसाठी पार्टी केली, तीही ते राहायचे त्याच इमारतीच्या खालच्या हॉलमध्ये. एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्ड दोन टर्नटेबलवर ठेवून तो मधला ताशासारखा वाजणारा तुकडा लांबवायचा. (तोही दणदणीत स्पीकरचाच शौकीन होता, हे कबूल. तुम्ही पकडण्याआधी सांगून टाकतो.)

आता बेल्ट. ऐकायला बेल्ट उत्तमच. मोटार बाजूला असते, रेकॉर्डखालची ताटली रबरी पट्ट्याने फिरते; मोटारीची थरथर रबरात जिरते, ताटलीपर्यंत पोचत नाही. वडिलांच्या प्लेअरबद्दल मी एक शब्द वाकडा बोलणार नाही. पण डीजे रेकॉर्डवर हात ठेवून ती अडवतो, खाली ताटली फिरत राहते आणि मधली स्लिपमॅट, म्हणजे गुळगुळीत कापडी चकती, सरकते. बेल्टवर हे केलं की ताटलीच रेंगाळते, बेल्ट ताणला जातो, हात सोडल्यावर गाणं आळस देत उठतं. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये मोटारीचा आसच ताटलीचा आस असतो. टेक्निक्स या जपानी कंपनीचं एसएल-१२०० हे टर्नटेबल आलं १९७२मध्ये, आणि डीजेंनी ज्याला देव मानलं ते त्याचं सुधारित मॉडेल एमके२ आलं १९७९मध्ये. ते थांबल्यापासून ०.७ सेकंदात पूर्ण वेग धरतं. ३३⅓च्या वेगाला रेकॉर्डचा एक फेरा १.८ सेकंदांचा, म्हणजे अर्धा फेरा व्हायच्या आत गाणं सुरात. तेव्हा लेखातलं वाक्य असं वाचा: हात लावायचा असेल तर बेल्ट नको.

हात का लावायचा, तेही सांगतो. आपल्या जुन्या सिनेगीतांच्या रेकॉर्डमध्ये माणसं बसून वाजवायची, मशीनचा ठोका नव्हता. दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत ढोलकीवाला रंगात आलेला असतो, लय चढलेली असते. अशी दोन गाणी जोडायची तर पिचच्या पट्टीवर, म्हणजे रेकॉर्डचा वेग कमी-जास्त करायच्या सरकपट्टीवर, बोट सतत हलतं ठेवावं लागतं, आणि दुसरं गाणं सोडायचं ते समेवर. एमके२ची पट्टी ८ टक्के वर-खाली जाते. मिनिटाला १०० ठोक्यांचं गाणं १०४वर न्यायला ४ टक्के पुरतात. पण वेगाबरोबर सूरही चढतो, पूर्ण ८ टक्के दिले तर पांढरी एकमधलं गाणं काळी एकच्याही वर जातं. हे सांगलीत चालवून घेतील, पलीकडे मिरजेत तंबोरे जुळवणाऱ्यांपुढे वाजवायची माझी हिंमत नाही.

पैशाच्या मुद्द्यावर मात्र मी चुकलो. एका नव्या टेक्निक्सच्या किमतीत चांगली सेकंडहँड मोटरसायकल येते, आणि मी सरळ ‘आधी दोन डेक (म्हणजे टर्नटेबल) घ्या’ असं लिहून मोकळा झालो. सुरुवातीला एकच डेक घ्यावा, जुना असला तरी डायरेक्ट ड्राइव्ह. मिक्सर, म्हणजे दोन गाण्यांचे आवाज एकत्र करणारी पेटी, त्याच्या दुसऱ्या चॅनेलला मोबाइल लावावा. मोबाइलमधल्या गाण्याला हात लावायचा नाही, त्याला रेकॉर्ड जुळवत राहायचं. सहा महिने तेवढं पुरतं. तोवर दुसऱ्या डेकचे पैसे चांगल्या कार्ट्रिजवर (सुई जिच्यात बसते ती डबी) आणि टेबलावर घालावेत.

टेबलावर मी अडून बसणार. आमचं घर सांगलीच्या गावभागात. २०१९च्या पुरात तळमजल्यावर पाणी आलं. रेकॉर्डना काही झालं नाही, धुऊन वाळवल्या की वाजल्या. कव्हरं मात्र एकमेकांना चिकटून लगदा झाली आणि डेकची मोटार गेली. त्यानंतर बूथ माडीवर नेला. माडीची जमीन जुन्या लाकडी तुळयांवरची. पुतण्या जिना चढून आला की सुई दोन ओळी पुढे! आवाज जरा वाढवला की स्पीकरचा खर्ज फळ्यांतून टेबलात, टेबलातून सुईत, सुईतून परत स्पीकरमध्ये, असा ‘हूंऽऽ’ करत वाढत जायचा. आधी प्लायवूडचं टेबल होतं. त्याला ठोकून ठोकून थकलो.

शेवटी फॅब्रिकेशनवाल्याकडून अँगलचा सांगाडा करून घेतला, स्वयंपाकाच्या ओट्यापेक्षा चार इंच उंच, म्हणजे वाकावं लागत नाही. रुंदी चार फूट, दोन डेक आणि मध्ये मिक्सर एवढ्यात बसतात. तो भिंतीला चिकटवून उभा केला, कारण तुळई भिंतीजवळ कमी लवते. वर टेनिस बॉल अर्धे कापून पालथे ठेवले आणि त्यावर ओट्याचा उरलेला कडप्पा. जड दगड मऊ रबरावर तरंगतो, थरथर तिथेच मरते. स्पीकर त्या टेबलावर ठेवायचे नाहीत, वेगळ्या स्टँडवर ठेवायचे. आता पुतण्या खुशाल उड्या मारतो.

एक गोष्ट लेखात राहूनच गेली होती. रेकॉर्डच्या सुईतून जेमतेम काही मिलिव्होल्ट निघतात, आणि रेकॉर्ड कापतानाच खर्ज दाबलेला, टीप वाढवलेली असते. ते उलटवायचं काम मिक्सरमधला फोनो प्री-अँप करतो. डेकची वायर मिक्सरच्या ‘फोनो’ऐवजी ‘लाइन’ सॉकेटमध्ये खोचली तर गाणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं येतं, डेक मात्र बिघडलेला नसतो. आणि ती बारकी, टोकाला चिमटा असलेली वायर लोंबकळत ठेवू नका, ती मिक्सरच्या मागच्या ग्राउंड स्क्रूला आवळायची. नाहीतर ‘गुंऽऽ’ सुरू होतं.

नाण्याबद्दल. हल्लीचं रुपयाचं नाणं सालाप्रमाणे तीन ते पाच ग्रॅम भरतं. डीजेच्या कार्ट्रिजचा रेकॉर्डवरचा पूर्ण भारच तीन-चार ग्रॅम असतो. म्हणजे नाणं ठेवलं की भार दुप्पट, आणि रेकॉर्डच्या खाचेला नांगरणी. सुईच्या दांड्यामागचं वजन फिरवून भार लावायची सोय असते, तीच वापरावी. तरी उडत असेल तर सुई संपलीय किंवा टेबल हलतंय.

राहिला वडिलांचा प्लेअर. तो हल्ली गाणं ओढत वाजवतो असं तुम्ही शेवटी लिहिलंय. तो बेल्टच सैल झालाय. मोटारीच्या कप्पीपासून ताटलीखालच्या कड्याभोवती दोरा फिरवून लांबी मोजा, नवा बेल्ट त्याहून थोडा लहान घ्या. जुना फेकू नका, रुंदी आणि जाडी त्यावरूनच कळेल.