चीनमधील अनाथ मुलांविषयीच्या त्या संदेशाला उत्तर

गेल्या आठवड्यात माझ्या मावशीने आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर ‘चीनच्या खेड्यांतील अनाथाश्रमांचे भयाण सत्य’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश पुढे पाठवला. तो तिने नीट न वाचताच पाठवला असावा, कारण त्याच गटात तिची स्वतःची सून आहे, आणि ही सून हेनान प्रांतातील एका लहान गावच्या बालकल्याण संस्थेतून चौदा महिन्यांची असताना अमेरिकेतील आईवडिलांकडे दत्तक गेलेली आहे. तिला मराठी वाचता येत नाही. तिने फोनवर भाषांतर करून घेतले आणि मला एवढेच विचारले की, घरात हे कोणाकोणाला खरे वाटले. तिला विचारूनच मी हे उत्तर लिहीत आहे.

संदेशातील विधाने थोडक्यात अशी आहेत. या मुलांना नावे नसतात, फक्त क्रमांक असतात. तिथे केवळ नको असलेल्या मुलीच असतात. कम्युनिस्ट राजवटीत सणांना आणि वाढदिवसांना बंदी असल्यामुळे या मुलांनी कधी गोडधोड पाहिलेले नसते. त्यांना कोणी कधी उचलून घेत नाही, त्यामुळे मोठेपणी ती कोणावर माया करू शकत नाहीत, म्हणून ‘अशी व्यक्ती घरात आणताना दहा वेळा विचार करावा’. आणि शेवटी, चीन सरकार आजही ही मुले परदेशी विकते.

क्रमांकाची गोष्ट साफ खोटी आहे. संस्थेत आलेल्या प्रत्येक मुलाला नाव आणि आडनाव दिले जाते. त्यातली बोचणारी बाब वेगळी आहे आणि ती संदेश लिहिणाऱ्याला ठाऊकच नाही. अनेक संस्थांत सर्व मुलांना एकच आडनाव मिळत असे, कुठे ‘दांग’ म्हणजे पक्ष, तर कुठे ‘ग्वो’ म्हणजे देश, आणि शाळेत हजेरी घेताच मूल कुठून आले ते वर्गाला कळत असे. पुढे नेहमीची आडनावे देण्याकडे कल वळला, आणि ते योग्यच झाले. मात्र नावांवरून चीनला नावे ठेवण्यापूर्वी आपण साताऱ्याची आठवण ठेवावी. तिथे २०११ साली ‘नकुशी’ किंवा ‘नकुसा’ हेच नाव वागवणाऱ्या २८५ मुलींना समारंभ करून नवी नावे द्यावी लागली होती, आणि त्या मुली आपापल्या घरी, आईवडिलांजवळच राहत होत्या.

केवळ मुलीच, हे विधान एका काळापुरते बरेचसे खरे होते, एवढे मान्य करते. एक मूल धोरणाच्या काळात सोडून दिलेल्या निरोगी बाळांत मुलींचेच प्रमाण फार मोठे होते. परंतु ते धोरण २०१५ च्या अखेरीस संपले आणि त्याच्या आधीच चित्र बदलले होते. ग्वांगझोऊ शहराने २०१४ मध्ये बाळ सुरक्षित ठेवून जाण्यासाठी एक खोली उघडली, तेव्हा दोन महिन्यांच्या आत २६२ बाळे आली आणि ती खोली बंद करावी लागली. त्या बाळांत मुलगेही होते, मुलीही होत्या, आणि सगळीच आजारी किंवा अपंग होती. उपचाराचा खर्च न झेपणाऱ्या आईबापांची ती मुले होती.

सणांच्या बंदीबद्दल लिहिणारा साठ वर्षे मागे आहे. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, १९६७ साली, वसंतोत्सवाची, म्हणजे चिनी नववर्षाची, सुट्टी खरोखर रद्द झाली होती. आज तो देशातला सर्वांत मोठा सण आहे, आणि २००८ पासून पितरांच्या स्मरणाचा छिंगमिंग, नौकांचा सण आणि शरद पौर्णिमा या दिवशीही सरकारी सुट्टी असते. १ जून हा बालदिन तर शाळांप्रमाणे बालगृहांतही नाचगाण्यांनी साजरा होतो. हेनानमध्ये याखेरीज हिवाळ्यातील सर्वांत लहान दिवसाचे महत्त्व असते. त्या दिवशी जियाओझी, म्हणजे सारण भरून उकडलेली कणकेची करंजी, खाल्ली नाही, तर थंडीने कान गळून पडतात, असे तिथे लहान मुलांना सांगतात. नानयांगच्या झांग झोंगजिंग या प्राचीन वैद्याने थंडीने कान फुटलेल्या गरिबांना कणकेच्या पारीत मांस आणि औषधी भरून, उकडून खाऊ घातले, अशी त्यामागची कथा आहे, आणि नानयांग हेनानमध्येच येते. आमची सून २०१७ च्या डिसेंबरमध्ये संस्था पाहायला गेली ती नेमकी याच दिवशी. जेवणघरात दोन लांब टेबलांवर पीठ भुरभुरलेले होते आणि सात-आठ वर्षांची मुले करंजीला मुरड घालावी तशी कडा दुमडत बसली होती. एका मुलाचा उजवा हात चालत नव्हता. तो पारी टेबलावर ठेवून डाव्या अंगठ्याने कडा दाबत होता, आणि त्याची जियाओझी इतरांपेक्षा चपटी होत असल्याने ताटात लगेच ओळखू येत होती. वाढदिवसाची तारीख बहुतेकांची अंदाजाने ठरवलेली असते, हे खरे आहे. पण त्या तारखेला तिथे लांब, न तोडलेल्या शेवयांचा वाडगा आणि अंडे मिळते, हेही तितकेच खरे आहे.

आता त्या विधानाकडे येते, ज्यासाठी मी हे सगळे लिहायला घेतले. ‘ही मुले माया करू शकत नाहीत.’ या वाक्यामागे एक खरे संशोधन आहे, पण ते चीनमधले नाही आणि त्याचा निष्कर्षही हा नाही. हुकूमशहा चाउशेस्कूच्या पतनानंतर रुमानियातील अनाथालयांची भीषण अवस्था जगापुढे आली, आणि २००० साली चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स व चार्ल्स झीना या संशोधकांनी राजधानी बुखारेस्टमधील १३६ लहान मुलांचा अभ्यास सुरू केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यातील निम्मी मुले पालनकर्त्या कुटुंबांकडे दिली गेली. संस्थेत वाढल्याने मुलांचे नुकसान होते, हे या अभ्यासातून दिसले, आणि ते मी नाकारत नाही. पण कुटुंबात गेलेल्या मुलांमध्ये सांभाळणाऱ्या माणसाविषयी ओढ आणि विश्वास निर्माण झाला, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांमध्ये तो विशेष रुजला, हेही त्याच अभ्यासातून दिसले. संदेश लिहिणाऱ्याने पहिला अर्धा भाग उचलला, देश बदलला आणि दुसरा अर्धा भाग गाळला.

चीनमध्ये सगळे उत्तम होते, असे मी म्हणत नाही. शांघायच्या एका संस्थेतील बालमृत्यूंविषयी ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेला अहवाल इतका भीषण आहे की तो वाचवत नाही. हेनानच्याच लानकाओमध्ये २०१३ च्या जानेवारीत एका खासगी घराला आग लागून तिथे सांभाळलेल्या सात जणांचा जीव गेला. पण अनेक संस्था बाळांना आसपासच्या शेतकरी कुटुंबांकडे सांभाळायला देत आल्या आहेत. २०१४ च्या नियमांनुसार अशा कुटुंबाकडे जास्तीत जास्त दोन मुले देता येतात आणि घरात सहा वर्षांखालील स्वतःचे मूल नसावे लागते.

आमची सून चौदापैकी आठ महिने अशाच एका घरी होती. तिच्याजवळ तिथला एक फोटो आहे. मागे भिंतीवर मक्याची कणसे टांगलेली, पुढे जाड कापसाच्या कपड्यांत गुंडाळलेले, थंडीने गाल फुटलेले बाळ, आणि त्याला दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली एक बाई. २०१७ च्या त्या भेटीत ही बाई संस्थेच्या फाटकाशी सकाळपासून उभी होती. तिने आधी सुनेचे तोंड पाहिले नाही, केस बाजूला सारून डाव्या कानाची पाळी पाहिली, कारण तिथे हिवाने पडलेला डाग होता आणि त्या हिवाळ्यात ती रोज रात्री त्याला तेल लावत असे. मूल सांभाळणाऱ्या बाईला तिकडे ‘आयी’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ आईची बहीण, म्हणजे मावशी. आमची सून अजून दर वसंतोत्सवाला त्या आयीला फोन करते. मावशी, गेल्या वर्षी तुझ्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे तुझे पाय चेपणारी मुलगी हीच आहे.

विक्रीबद्दल एकच सांगते. १९९२ पासून सुमारे १,६०,००० मुले चीनमधून परदेशी दत्तक गेली. त्यासाठी संस्थेला ठरावीक देणगी द्यावी लागे, आणि त्या पैशाच्या लोभाने हुनान प्रांतातील काही संस्थांनी बाळे विकत घेतल्याचे २००५ मध्ये उघड झाले. तो गुन्हाच होता आणि त्यात शिक्षाही झाल्या. परंतु ‘आजही’ हा शब्द खोटा आहे. नात्यातील आणि सावत्र मुलांचा अपवाद वगळता, परदेशी दत्तक देणे बंद केल्याची घोषणा चीनच्या परराष्ट्र मंत्रालयाने ५ सप्टेंबर २०२४ रोजी केली आहे.

मावशी, हा संदेश तू आणखी ज्या गटांत पाठवला असशील, त्यांची नावे मला आजच कळव. हे उत्तर त्या प्रत्येक गटात जायला हवे.