प्रोलीनची गोष्ट अर्धीच सांगितलीत

प्रोलीनवरचा तुमचा लेख छान, पण रसायनशास्त्रज्ञ बेंजामिन लिस्ट यांनी २००० साली प्रोलीन हे अमिनो आम्ल उत्प्रेरक म्हणून वापरून आल्डॉल अभिक्रिया (दोन कार्बनी रेणू जोडणारी) केली आणि २०२१ला मॅकमिलन यांच्यासोबत नोबेल मिळालं, एवढ्यावर तो थांबतो. अभिक्रिया होते कशी, हे शोधायला दोन प्रयोगशाळा लागल्या, त्याचं काय?

१९८६मध्ये कागान, आगामी वगैरे रसायनशास्त्रज्ञांनी म्हटलं होतं की एका टप्प्यावर प्रोलीनचे दोन रेणू लागतात. लॉस एंजेलिसच्या हाउक यांच्या गटाची संगणकीय गणितं सांगत होती, एकच पुरतो: त्याच्या आम्लगटातला हायड्रोजन समोरच्या अल्डिहाइडच्या (जोडल्या जाणाऱ्या दुसऱ्या रेणूच्या) ऑक्सिजनला धरून ठेवतो. मग लिस्ट आणि हाउक यांच्या गटांनी मिळून २००३ साली ते तपासलं. डावं आणि उजवं प्रोलीन (एकमेकांची आरशातली रूपं) वेगवेगळ्या प्रमाणात मिसळायचं आणि मिळणाऱ्या पदार्थात डावं-उजवं यातलं कुठलं रूप किती जास्त आहे ते मोजायचं. दोन रेणू गुंतले असतील तर आलेख वाकायला हवा. तो सरळ आला! पुढे जड ऑक्सिजनचं पाणी घालूनही पाहिलं, तो ऑक्सिजन थेट उत्पादनात सापडला; म्हणजे वाटेत इनामाइन (प्रोलीन जोडलेला मधला रेणू) बनतं, याला दुजोरा.

मी तीस वर्षं औषधांच्या कारखान्यात बॅचा काढल्या. उतारा घसरला की आमच्याकडे पहिला प्रश्न ‘चूक कुणाची?’ हाच. आलेख कुणी काढायचा, हा प्रश्न कधी आलाच नाही. (काढला असता तर दोन रिअॅक्टर तरी वाचले असते.)

हाउक यांच्यावर स्वतंत्र लेख लिहा ना.