डोक्यामागचा तो तपकिरी डाग: प्रतिक्रियेला उत्तर

वुड रेल म्हणजे लॅटिन अमेरिकेतले पाणकोंबडीसारखे पक्षी, शास्त्रीय नाव अरामिडेस; त्यांच्या आठ जातींवरच्या माझ्या लेखाला तुमचे आक्षेप दोन आहेत. ग्रे-नेक्ड वुड रेल हा एकच पक्षी असताना त्याच्या दोन जाती करणं म्हणजे यादी फुगवणं, हा पहिला. लेखातल्या खुणांवरून त्या दोन्ही वेगळ्या ओळखताच येत नाहीत, हा दुसरा. दुसरा पूर्ण मान्य. तांबूस छातीवर भर द्यायला नको होता. ती दोघांनाही असते. लाल पाय आणि लाल डोळेही सारखेच.

पक्षी पाठमोरा होईपर्यंत थांबायचं आणि डोक्याची मागची बाजू बघायची. तिथे तपकिरी डाग असेल तर तो अरामिडेस अल्बिवेंट्रिस, नुसती राखाडी असेल तर कजानेयस. अल्बिवेंट्रिसच्या तांबूस छातीच्या आणि काळ्या पोटाच्या मध्ये पांढुरका पट्टाही असतो, पण झाडीच्या सावलीत तो हमखास हुकतो, म्हणून निर्णय त्याच्यावर सोडू नये. प्रदेशही बघा: अल्बिवेंट्रिस मेक्सिकोपासून ईशान्य कोस्टारिकापर्यंत, कजानेयस नैर्ऋत्य कोस्टारिकापासून थेट अर्जेंटिनापर्यंत.

आता यादी फुगवण्याबद्दल. या दोन जाती वेगळ्या करणारी 2015 सालची फेरतपासणी फक्त पिसांच्या रंगावर उभी नव्हती, आवाजही तपासले होते. या पक्ष्यांत आवाजाला फार वजन आहे, कारण पहाटे आणि संध्याकाळी ते दिसण्याआधी ऐकू येतात. ब्राझीलमध्ये तर कजानेयसचं नावच हाकेवरून पडलंय: ‘साराकुरा त्रेस पोतेस’, म्हणजे तीन मडकी. त्याच अभ्यासाने आग्नेय ब्राझीलच्या किनाऱ्यावरच्या अविसेनिये या वुड रेललाही स्वतंत्र जात म्हटलं होतं. प्रमुख याद्यांनी ते स्वीकारलं नाही, ती कजानेयसची उपजातच राहिली. हव्यास असता तर तीही आत आली असती.

म्हणून अरामिडेसच्या आठ जाती हा आकडा मी बदलत नाही. बाकी सहांत गोंधळ कमी होतो. यपेकाहा सगळ्यांत मोठा, साराकुराची छाती पाटीच्या रंगाची, अक्सिलारिसची मान आणि डोकंही तांबूस, कालोप्टेरसच्या पंखांवर लालसर छटा. वोल्फी कोलंबिया-इक्वेडोरच्या पश्चिमेकडचा, तपकिरी आणि संकटात असलेला. मांग्लेच्या नावाने मात्र फसू नका: नावात खारफुटी आहे, पण पावसाळ्यात तो ईशान्य ब्राझीलच्या कोरड्या काटेरी कातिंगातही सापडतो. त्याच्या चोचीच्या मुळाशी लाल रंग असतो, तो आधी शोधा.

छातीबद्दलचं वाक्य लेखातून काढून टाकलंय.